पोतनीस बागेचं पाणी

१२ जानेवारी, रविवार

घमेलं किती जड असतं ते निवृत्तीनंतर तीन वर्षांनी कळलं. कमरेत उसण भरली आहे. आडवी पडून लिहितेय. अक्षर लागलं नाही तरी कुणाचं काही अडणार नाही.

पोतनीस बाग. कसबा पेठेत त्रेसष्ट वर्षं काढली, पण ही भिंत आजवर बाहेरूनच पाहिली. नऊ फूट उंच, दगडी. आत कमरेएवढं गाजरगवत आणि पेठेने चाळीस वर्षांत भिंतीवरून फेकलेलं सगळं काही. आज एक अख्खा कमोड निघाला. रंगरावांनी चष्मा लावून पाहिला. “ऐतिहासिक नाही. बाजूला ठेवा.”

रंगराव बाग वाचवण्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक – निवृत्त कागदोपत्री. ही जागा ज्या ट्रस्टची आहे तो ती पार्किंगला द्यायला निघाला होता. यांनी तीन वर्षं अर्ज करकरून मार्चपर्यंतची मुदत मिळवली. मार्चमध्ये सरकारी पाहणी. जपण्यासारखं काही आहे हे पटलं तर लोकांसाठी बाग. नाही पटलं तर पार्किंग, तीन मजली.

मी का गेले? घरी बसून समोरच्यांची धुणी बघायचा कंटाळा आला म्हणून. दुसरं उदात्त कारण सुचलं तर लिहीन.

१९ जानेवारी, रविवार

आज तेरा जण होते. कामाला सहा, फोटोला सात.

कामाच्या सहांत एक अपेक्षा. मूळची यवतमाळची, राहते वारज्यात, कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करते. “ताई, तुम्ही काहून वाकून राहिल्या? द्या ना इकडे.” एका हाताने घमेलं उचलून गेली. पुण्यात असं कुणी न सांगता मदतीला आलं की आपण आधी पाकीट चाचपतो. मीही चाचपलं. लाज वाटली.

दुपारी भिंतीपलीकडच्या खोलीतून गोदाबाई आल्या. त्यांचा नवरा या बागेचा शेवटचा माळी. तो जाऊन अकरा वर्षं झाली, त्या अजून त्याच खोलीत राहतात. पाठची भिंत बागेची, पुढचं दार गल्लीत. पाच मिनिटं आमचं काम पाहिलं आणि म्हणाल्या, “ते गवत न्हाय, अनंत हाय.” तोवर आम्ही दोन झुडपं उपटली होती. तिसरं वाचलं. उपटणाऱ्यांत बॉटनीचे एक माजी प्राध्यापक होते. ते पुढच्या रविवारपासून बहुतेक येणार नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

हौद सापडला!

ईशान्य कोपऱ्यात, कचऱ्याच्या ढिगाखाली. बारा फूट बाय आठ फूट, आतून चुन्याचा गिलावा, बराचसा शाबूत. एका बाजूला भिंतीत दगडी तोंड आहे, पाणी आत पडण्यासाठी. कोरडं ठणठणीत.

रंगरावांनी तिथेच उभं राहून सांगायला सुरुवात केली. कात्रजचा तलाव, तिथून जमिनीखालून काढलेला पेशवाईतला नळ, वाटेत हवेसाठी बांधलेले उच्छ्वास, पेठापेठांतले हौद. चाळीस मिनिटं. आमच्या हातात भरलेली घमेली तशीच. त्यांचं म्हणणं, आपला हौद त्याच नळावरचा असणार. “पुरावा?” मी विचारलं. “उतार,” ते म्हणाले. उतार तर सगळ्या पुण्यालाच आहे.

तेव्हापासून मी त्यांच्या लेखी शंकेखोर. चौतीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली. शंका घ्यायचाच पगार मिळत होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सव्वासातला रंगरावांचा फोन. नुसतंच, “या. लगेच या.” मला वाटलं कुणी पडलं.

दगडी तोंडातून पाणी येत होतं. करंगळीएवढी धार. हौदात वीतभर साठलेलं. रंगराव काठावर बसून रडत होते. हुंदके देऊन नाही. चष्मा काढून, गप्प, पाणी बघत. मी जवळ गेले तर म्हणाले, “वडील सांगायचे. त्यांनी लहानपणी कात्रजचं पाणी प्यायलंय. मी कधी पाहिलं नव्हतं हो.”

मीही काठावर बसले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शंभरएक माणसं. फावडं हातात घेणारे तेच सहा. लोक बाटल्या भरून नेत होते. एका गृहस्थांनी हौदाला फुलं वाहिली, एका काकूंनी पाणी डोळ्यांना लावलं. मी म्हटलं, “निदान पिऊ नका, तपासलेलं नाही.” त्या म्हणाल्या, “अडीचशे वर्षं कुणी तपासलं होतं?” यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मोठं होतं.

अपेक्षाने हौदाच्या आत बुधवारीच पट्टी लावली आहे. रोज सकाळी दर तासाला पाण्याची उंची टिपायची, ती आलेख काढणार. सरकारी पाहणीत हा आलेख म्हणजे आपला हुकमाचा एक्का – इति रंगराव. पुस्तिकाही लिहायला घेतली आहे. जिवंत जलवारसा वगैरे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आलेख आला. छान रंगीत आहे. पाणी रोज सकाळी सहा ते आठ वाढतं, मग थांबतं. आणि दोन्ही गुरुवारी अजिबात वाढलं नाही.

यावर तासभर चर्चा. रंगराव म्हणाले, उच्छ्वासांमधल्या हवेच्या दाबाचं सात दिवसांचं आवर्तन असावं, जुन्या लोकांचं जलशास्त्र अफाट होतं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, गुरुवार दत्ताचा वार, योगायोग म्हणून सोडून देऊ नये. अपेक्षा म्हणाली, आणखी डेटा लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठले, काल सकाळी भरून ठेवलेल्या बादलीतून पाणी घेतलं, चूळ भरली आणि तशीच उभी राहिले.

गुरुवारी पेठेत नळाला पाणी नसतं. इतर दिवशी सहा ते आठ असतं. बुधवारी सकाळी आम्ही सगळे – रंगराव, मी, ते दत्ताच्या वाराचे गृहस्थ, सगळे – बादल्या, पिंप, कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवतो. वर्षानुवर्षं. आणि रविवारी हौदाशी उभं राहून विचारतो, गुरुवारी याला होतं तरी काय!

कपाळावर हात मारून घेतला. मी तर आयुष्यभर त्याच पाण्याची नोकरी केली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे साडेसहाला एकटी गेले. कपाटातली थेंबांची बाटली काढून नेली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. हे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. उघड्या हौदात क्लोरीन उडून जातं, म्हणून नमुना तोंडाशीच धरला, पडता पडता.

पिवळं. धम्मक पिवळं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गोदाबाईंकडे गेले. चहा झाला. मी विचारायच्या आधीच त्यांनी मोरीकडे बोट केलं. नळाला हिरवा रबरी पाइप, आणि पाइपचं दुसरं टोक पाठच्या भिंतीतल्या भोकात, जिथून पलीकडे हौदाचं दगडी तोंड.

“पयल्यांदा चुकून झालं. पिंप भराया पाइप लावला, त्यो निसटला, भोकात गेला. मला कळलंच न्हाय. मग पल्याड आवाज झाला म्हनून बघाया आले, तर मास्तर रडत बसलेले.”

“मग?”

“मग काय. त्यास्नी परत कोरडं दाखवू व्हय?”

तेव्हापासून रोज सोडतात. सहाला पाणी आलं की आधी पाइप, मग स्वतःचं पिंप. दोनदा त्यांचं पिंप अर्धंच राहिलं. मी यावर रागवायला हवं होतं. चहा आणखी अर्धा कप घेतला.

२ मार्च, रविवार

पाहणी १२ तारखेला. सोबत पत्र – हौदातल्या पाण्याचा तज्ज्ञाकडून तपासणी अहवाल जोडावा. रंगरावांनी सर्वांसमोर माझ्याकडे हात केला. “तज्ज्ञ आपल्या घरच्याच आहेत.” टाळ्या पडल्या.

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

३ मार्च, सोमवार

अहवाल लिहायला बसले. नाव, तारीख, नमुन्याचं ठिकाण. तिथेच थांबले.

४ मार्च, मंगळवार

तिथेच.

६ मार्च, गुरुवार

चौतीस वर्षांत एकदाही खोटी सही केली नाही. साहेबांनी सांगितलं, तरी नाही. एकदा एका नगरसेवकाच्या मेहुण्याने पेढ्यांचा पुडा पाठवला, तो परत पाठवला. शिपाई आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पण तेव्हा पणाला काय असायचं? एक टाकी, एक बोअर. इथे अख्खी बाग आहे. लग्न केलं नाही, नोकरी संपली, भाऊ नाशिकला. गेल्या दोन महिन्यांत सकाळी उठायला काहीतरी कारण आहे. खरं लिहिलं तर तिथे स्कूटर लागतील, माझ्या सहीने. खोटं लिहिलं तर मी कोण उरले? हे बागेपेक्षा मोठं आहे की लहान, ते दोन दिवस ठरत नाहीये.

८ मार्च, शनिवार

रंगरावांना सांगितलं. बागेत, काठावर बसूनच. पाइप, गुरुवार, पिवळा रंग, सगळं. गोदाबाईंनी का केलं तेही.

चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “म्हणजे मी नळाच्या पाण्यापाशी रडलो.”

त्यांनी चष्मा परत लावला.

“अहवालात एवढंच लिहा – स्रोत निश्चित सांगता येत नाही. एवढंच. खोटंही नाही ते.”

“मला निश्चित सांगता येतं, रंगराव.”

“हेमाताई, मी आजवर आपल्याकडे काही मागितलेलं नाही.”

“नाही.”

“तीन मजली पार्किंग होईल. आपल्या गॅलरीतून दिसेल आपल्याला.” आवाज चढला नाही. पुण्यात आवाज चढवत नाहीत, ‘आपण’ म्हणतात. उठले, छत्रीची काठी टेकत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन रडले. मग अहवाल पुरा केला. सात ओळी. सही.

१२ मार्च, बुधवार

पाहणी. अधिकारी बाई चाळिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, कमी बोलणाऱ्या. रंगरावांनी पुस्तिका दिलीच नाही, पिशवीतच ठेवली. मी अहवाल दिला. बाईंनी उभ्या उभ्या वाचला, दोनदा. गोदाबाईंच्या खोलीत जाऊन पाइप पाहिला. गोदाबाई म्हणाल्या, “पानी माझंच हाय, चोरीचं न्हाय.” बाईंनी लिहून घेतलं.

मग भिंत मोजली, हौदाचे फोटो काढले, झाडं मोजली. निघाल्या.

कुणी माझ्याशी बोललं नाही. दत्ताच्या वाराचे गृहस्थ मला ऐकू जाईल असं म्हणाले, “काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.” अपेक्षा तेवढी जवळ आली. “ताई, माझा ग्राफ बरोबर होता ना पण?” म्हटलं, “अगदी बरोबर होता गं.”

१६ मार्च, रविवार

गेले. फावडं मागितलं तर म्हणाले, आज पुरेशी माणसं आहेत. चार होती.

२५ मार्च, मंगळवार

पत्र आलं!

बाग मिळाली. कायमची. भिंत, हौद आणि झाडं मिळून जागा जपण्यालायक आहे, पार्किंग नाही, लोकांसाठी खुली करावी.

रंगरावांनी अधिकारी बाईंना आभाराचा फोन केला, समितीसमोर, स्पीकरवर. बाई म्हणाल्या, “आमचे नका, तुमच्या त्या अहवालाचे आभार माना. हौदाला खरोखर जुन्या नळाचं पाणी येत असतं, तर जागा आम्हाला बंद करावी लागली असती. कुंपण, कुलूप, मग अभ्यास. अशी एक जागा आहे, बारा वर्षं बंद आहे. नळाचंच पाणी आहे म्हणून उघडी ठेवता आली.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावरच्या शेवेकडे बघितलं. दत्ताच्या वाराचे गृहस्थ म्हणाले, “मी आधीपासून म्हणत होतो.”

३० मार्च, रविवार, पाडवा

बाग उघडली. दारात गुढी. मुलं, आजोबा, बाबागाड्या. सकाळी साडेसात ते दहा, संध्याकाळी चार ते सात, गुरुवारी बंद – पाणी नसतं म्हणून. ट्रस्टने गोदाबाईंच्या नळाशेजारी बागेसाठी रीतसर वेगळा नळ दिला. पाइप तोच, भोक तेच. रोज सहाला गोदाबाई तो सोडतात, तोंडातून धार पडते, हौद भरतो, झाडांना जातं. अधिकृत.

रंगराव माझ्याशी बोलतात. “नमस्कार” आणि “बरं आहे ना”. एवढंच. रोज सकाळी सातला येतात, बांबूची लांब कामटी घेऊन, आणि दगडी तोंडात आत आत खुपसत बसतात. गाळ काढतात म्हणे. “कुठेतरी तुंबलंय,” म्हणतात. कोणी थांबवत नाही. मला बघवत नाही. माझ्या सात ओळींनी त्या माणसाचं काय केलं ते रोज दिसतं.

१३ एप्रिल, रविवार

गोदाबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. कात्रजला लेकीकडे गेल्या, तीन आठवडे. खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. “सहाला सोडा, आठला बंद करा. इसरू नगा, अनंताला कळ्या धरल्यात.”

समितीत ठराव झाला – नळाची जबाबदारी हेमाताई. माझ्यावर विश्वास बसला आहे, निदान नळापुरता.

१८ एप्रिल, शुक्रवार

ताप. १०२. उठवत नाही. नळ राहिला.

१९ एप्रिल, शनिवार

नळ राहिला. कुणाला तरी कळवायला हवं. फोन कुठे ठेवला आहे कोण जाणे.

२१ एप्रिल, सोमवार

ताप उतरला. चार दिवस झाले. अनंत वाळला असेल. रंगराव एकदा बघतील आणि काही बोलणार नाहीत, तेच वाईट. उद्या जाते.

२२ एप्रिल, मंगळवार

सहाला पोचले. आधी गोदाबाईंच्या खोलीवर. कुलूप तसंच. नळ बंद, पाइप कोरडा, भोकाशी कोळ्याने जाळं धरलेलं. मग बागेत. हौद काठोकाठ भरलेला, आणि तोंडातून धार पडत होती. रंगराव रोज कामटी खुपसायचे तिथूनच, मनगटाएवढी.

तोंडाशी नमुना धरला. थेंब टाकले. रंग नाही. तीनदा पाहिलं. थेंबच खराब झाले असतील म्हणून चौकातल्या नळाचं पाणी आणून त्यात टाकले. ते झालं पिवळं. हे नाही. वास घेतला, गटाराचं नाही. कात्रजहून येतं असं मी लिहिणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण नळाचं नाही. कुणाला कळलं तर उद्या दाराला कुलूप.

सातला रंगराव आले. कामटी भिंतीला टेकवली, धारेखाली हात धरला, तोंडावर पाणी मारलं. म्हणाले, “हेमाताई, चार दिवस ताप होता, शेजारच्यांकडून काल कळलं. तशात पहाटे येऊन नळ सोडलात. मी आपल्याशी फार वाईट वागलो.” सांगून टाकावं असं फार वाटलं. या माणसाइतका हक्क कुणाचा नव्हता. बाहेर दोन बाबागाड्या दार उघडायची वाट बघत होत्या.

म्हटलं, “त्यात काय. नळ सोडला की पाणी येतंच.” आणि हातातली नमुन्याची बाटली अनंताच्या बुडाशी ओतली.